रेडिएटरची ॲसिड ट्रीटमेंट

मोटारगाडी ही ठिबक सिंचनाचीच एक जरा महागडी शाखा आहे, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं.

कळंबमध्ये माझं ठिबकचं दुकान आहे. पाइप, जॉईनर, एल्बो, क्लॅम्प, व्हॉल्व्ह. पाणी एका टोकानं आत जातं, दुसऱ्या टोकानं बाहेर येतं आणि मध्येच कुठं येऊ नये एवढं बघायचं, हा आमचा सगळा धंदा. (मध्येच आलं, तर गिऱ्हाईक परत येतं. तोही धंदाच.) एकदा सहज गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं, तेव्हा रेडिएटर म्हणजे दुसरं तिसरं काही नसून उभी केलेली चपटी टाकी आहे आणि तिला वरून एक, खालून एक असे दोन रबरी पाइप इंजिनाला जोडलेले आहेत, हे माझ्या धंदेवाईक नजरेनं लगेच टिपलं. एवढ्याशा कामासाठी लोक गाडी गॅरेजात सोडून एसटीनं हिंडतात, याचं मला हसू यायचं.

आता येत नाही.

झालं असं, की आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. ही बातमी आली त्या दिवशी गावातल्या तमाम कर्त्या पुरुषांनी आपापल्या बायकोकडे बऱ्याच वर्षांनी निरखून पाहिलं. मीही पाहिलं. पण माझी बायको सुनंदा माझ्या आधीच ठरवून बसली होती. आमच्या वरच्या वस्तीला नळ आहेत, पाणी नाही. दर उन्हाळ्यात ती आणि तिच्या बचत गटातल्या बायका रिकामे हंडे घेऊन ग्रामपंचायतीत जायच्या आणि 'बघू' हा शब्द घेऊन परत यायच्या. त्या 'बघू'चा तिला इतका कंटाळा आला होता, की आता तिला त्या खुर्चीवर स्वतः बसून बघायचं होतं. हळद कांडता कांडता, मसाले भाजता भाजता तिनं अख्खं गाव उंबऱ्या-उंबऱ्यानं पालथं घातलं होतं. गमतीचा भाग नव्हता तो. तिला खरोखर निवडून यायचं होतं.

मी म्हणालो, "उभी राहा बिनधास्त. मी हाये ना."

"तुमी हायेत म्हणूनच जरा काळजी वाटती," ती म्हणाली.

मी ते मनावर घेतलं नाही. आमच्याकडची रीत अशी, की सरपंच बाई निवडून आली की गाव तिला 'वहिनी' म्हणतं आणि तिच्या नवऱ्याला 'सरपंच'. त्यामुळं उमेदवारी तिची असली तरी तयारी मी करत होतो. ग्रामपंचायतीत खिडकीजवळची खुर्ची कुठल्या बाजूला ओढून घ्यायची, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

समोरच्या पॅनेलकडून संपत आपल्या बायकोला, मंगलला, उभं करत होता. खुर्ची खिडकीकडे ओढायचा विचार त्याच्याही मनात असणार, कारण तो माझ्याच इयत्तेतला आणि माझ्याच अकलेचा. मंगल आणि सुनंदा दोघींचं माहेर जुन्नरच्या पुढं एकाच गावात. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. पण संपतचं आणि माझं पॅनेल वेगळं झालं आणि त्या दिवसापासून दोघी पिठाच्या गिरणीत समोरासमोर आल्या, तरी पिठाकडे बघायच्या. नवऱ्यांचं भांडण बायकांनी असं इमानदारीनं सांभाळायचं असतं.

अर्ज भरायची जागा घोडेगावचं तहसील कार्यालय, मुदत शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. सुनंदाचं म्हणणं, पहिल्याच दिवशी जाऊन भरून यावं. मी म्हणालो, छे! पहिल्या दिवशी अर्ज भरतो तो हरणारा. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, आपले सगळे कार्यकर्ते हार घेऊन तहसीलच्या दारात आधीच उभे, हलगी वाजतेय, आणि एवढ्यात लांबून आपली पांढरी गाडी येते, तिच्यातून उमेदवार उतरतो... मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. सुनंदानं भाकरी उलटवली.

तर एवढं मोठं काम ज्या गाडीवर येऊन पडलं, ती गाडी आमचा मोठा मुलगा शाळेत असताना घेतलेली. आता तो नोकरीला लागलाय. मी तिला मंचरला शकीलभाईच्या गॅरेजात दाखवायला नेली. शकीलभाईनं वरचा पाइप दोन बोटांत दाबला, तर उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा दिसल्या. दोन्ही होस पाइप बदला, सिस्टीम धुऊन घ्या, नवीन कूलंट भरा, असं त्यानं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की आत्ता जागा नाही. खरंच नव्हती. तालुक्यातल्या सगळ्या पॅनेलांच्या गाड्या त्याच्याकडे येऊन पडल्या होत्या. गावात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या तिथं आरशाला आरसा लावून उभ्या होत्या. शकीलभाई म्हणाला, निवडणुकीनंतर आणा. मी म्हणालो, निवडणुकीनंतर गाडी कुणाला लागते? आणि ज्याच्या गोडाऊनमध्ये अर्ध्या तालुक्याला पुरेल इतका पाइप पडलाय, त्यानं दोन हात पाइपासाठी थांबायचं?

मी गाडी दुकानामागं लावली, बाह्या वर केल्या आणि खालची तोटी सोडली. टपरीवरच्या तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं तांबडं पाणी भळाभळा वाहिलं. ते बघून मला फार समाधान वाटलं. घाण दिसली की धुणाऱ्याला जोर येतो. साधं पाणी सोडलं. तांबडंच. पुन्हा सोडलं. अजून तांबडंच. तेव्हा मला जे सुचलं, ते आंबेगाव-जुन्नरमधल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला सुचलं असतं. म्हणून मी एकट्यानं त्याची जबाबदारी घेणार नाही.

आमच्याकडे ठिबकच्या बारीक नळ्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार साचले, की त्यांना ॲसिड ट्रीटमेंट देतात. बाटली ओतायची, थोडा वेळ थांबायचं, मग पाणी सोडायचं. नळ्या आतून लख्ख. हे काम मी इतक्या बागांत करून दिलंय, की क्षार मला ओळखतात. आता, नळी असते प्लॅस्टिकची आणि रेडिएटर असतो ॲल्युमिनियमचा. हा फरक मला माहीत होता. त्याला काही अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

मी ॲसिड ओतलं. रेडिएटरनं सोड्याच्या बाटलीसारखा आवाज केला आणि तोंडाला फेस आणला. बागेतही असाच फेस येतो, म्हणून मी खूश झालो. रसायन काम करतंय याची ती खूण. ते नेमकं कशावर काम करतंय, हा प्रश्न त्या वेळी मला पडायला हवा होता. मग पाणी सोडलं, तर बाहेर आलं स्वच्छ, नितळ, पाहुण्यांना द्यावं असं! मी ते ओंजळीत धरून शेजारच्या खतवाल्यालाही दाखवलं. नंतर हात बराच वेळ चुरचुरत होते.

राहिले पाइप. जुना वरचा होस हत्तीच्या सोंडेसारखा वाकडा होता. माझ्याकडचे सगळे पाइप सरळ. (दुकानदार प्रामाणिक असला की मालही सरळ असतो.) मग मी मध्ये एक एल्बो घातला, दोन्ही बाजूंना निळा पाइप चढवला आणि प्रत्येक सांध्यावर क्लॅम्प आवळले. गरम पाण्यानं हा पाइप मऊ पडेल का, अशी शंका क्षणभर आली. पण तोच पाइप वैशाखात उघड्या रानात दिवसभर पडून असतो, तेव्हा त्याला उष्णतेची सवय आहे, असं मी त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं. गाडी चालू केली. एक थेंब गळाला नाही!

घरी सुनंदानं विचारलं, गाडी शकीलभाईला दाखवली का. मी म्हणालो, शकीलभाईनं येऊन शिकावं अशी केलीय.

अर्ज भरायच्या दिवशी सकाळी मी गाडी पुसायला गेलो, तर गाडीखाली जमिनीवर ओले ठिपके. एका ओळीत. सारख्या अंतरावर. मी खाली वाकून पाहिलं, तर रेडिएटरच्या पोटातून टप, टप, टप, इतक्या एकसारख्या लयीत पाणी पडत होतं, की एखाद्या गिऱ्हाइकाच्या रानात असं ठिबक बसलं असतं तर मी त्याचा फोटो दुकानात लावला असता. जे क्षार मी काल आनंदानं धुऊन काढले होते, तेच इतकी वर्षं रेडिएटरची भोकं अडवून बसले होते. गावातल्या जुन्या कारभाऱ्यांसारखे. आतलं वाहू देत नव्हते, पण बाहेरही गळू देत नव्हते. आणि त्यांनी जी भोकं बुजवली नव्हती, ती माझ्या ॲसिडनं नव्यानं पाडली होती.

सुनंदा अंगणात आली. नवी साडी, कपाळाला कुंकू, हातात कागदांची पिशवी. तिनं जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडीला बी ठिबक केलं व्हय?"

मी सांगितलं, एसीचं पाणी आहे. आमच्या गाडीचा एसी बंद पडून बरीच वर्षं झालीत, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. पण शुभकार्याच्या दिवशी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. ती ओवाळणीचं ताट आणायला आत गेली आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं हळदीकडे धावलो.

ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे. रेडिएटर गळायला लागला, तर त्यात चिमूटभर हळद टाकायची. हळद फुगते आणि भोक बुजवते. पण हे चिमटीचं प्रमाण एका भोकाला. माझ्याकडे भोकं मोजायला वेळ नव्हता. बचत गटाची ताजी कांडलेली हळद कोपऱ्यात पाकिटं भरून ठेवलेली होती. एक पाकीट ओतलं. ठिबक मंदावलं. दुसरं ओतलं. ठिबक थांबलं! तेव्हा मी तिसरं ओतलं. ते कशासाठी, हे मी आजही सांगू शकत नाही. बहुतेक देवाचं म्हणून.

आम्ही निघालो. पुढं मी, शेजारी सुनंदा, मागं हिरामावशी. हिरामावशी म्हणजे अर्जावरची सूचक, बचत गटातली सर्वांत ज्येष्ठ बाई आणि गावातली सर्वांत स्पष्ट. कार्यकर्ते माझ्या योजनेप्रमाणे मोटरसायकलींवर केव्हाच पुढं घोडेगावला गेले होते. कळंब सोडलं, घोडनदीचा पूल ओलांडला आणि इंजिनाच्या तापमानाच्या काट्यानं वर चढायला सुरुवात केली. हळदीनं बाहेरची भोकं बुजवली होती, ते ठीक. पण हळदीला बाहेर कुठलं आणि आत कुठलं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं रेडिएटरच्या आतल्या नळ्याही तितक्याच निष्ठेनं बुजवत आणल्या होत्या.

मंचरमध्ये नेहमीप्रमाणे वाहनं तुंबलेली. कांद्याचे ट्रक, एसट्या, ट्रॅक्टर. काटा लाल रेघेला टेकला. अशा वेळी गाडीतला हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मी सोडला. भर उन्हाळ्यात गाडीत गरम वाऱ्याचा झोत सुटला आणि त्याबरोबर खमंग वास. हिरामावशीनं नाक वर करून दोनदा हुंगलं आणि विचारलं, की बॉनेटमध्ये पिठलं लावलंय का. मी म्हणालो, बाहेरून येतोय, हॉटेलं आहेत. सुनंदाच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरत होतं. तिनं काट्याकडे बघू नये म्हणून मी काच खाली करून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना हात जोडत राहिलो. काहींनी परत जोडले. एकानं पत्ता विचारला.

मंचर सुटलं, घोडेगावचा रस्ता लागला आणि थोड्याच अंतरावर बॉनेटमधून वाफ निघाली. मी गाडी चिंचेखाली घेतली. कार्यकर्त्यांना फोन लावले. एकही उचलेना, कारण तिथं माझ्याच सांगण्यावरून हलगी वाजत होती. एसटी नुकतीच गेलेली. सुनंदा पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ती चिडली असती तर मी सावरलो असतो, मला त्याची सवय आहे. पण ती घोडेगावच्या दिशेनं बघत उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढे उंबरे झिजवले तिनं, आणि अर्ज अडला कशावर, तर माझ्या एल्बोवर.

म्हणून मी जिद्दीला पेटलो, आणि मी जिद्दीला पेटलो की आसपासच्या लोकांनी लांब जायचं असतं. जवळच्या विहिरीवरून पाणी आणलं. इंजिन पुरतं निवेपर्यंत थांबलो, पाणी ओतलं, गाडी चालू केली आणि सांधे तपासायला बॉनेटवर वाकून रेस वाढवली. निळा पाइप, ज्याला उन्हाची सवय होती, तो एव्हाना शिजलेल्या शेवयांसारखा मऊ झाला होता. तो एल्बोवरून निसटला. आणि तीन पाकिटं शुद्ध घरगुती हळद, कोमट पाण्यात छान मुरलेली, माझ्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर, टोपीवर, मिशांवर, गाडीच्या काचेवर आणि चिंचेच्या खालच्या फांद्यांवर एका दमात उडाली!

हिरामावशी वयाच्या मानानं विलक्षण चपळ. तिनं सुनंदाच्या हातातली पिशवी हिसकून पदराखाली घेतली होती. कागद कोरडे राहिले. मी नखशिखांत पिवळा.

नेमकी त्याच वेळी मागून एक पिकअप आली आणि हळू झाली. गाडी मंगल चालवत होती. (टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटला माल तीच नेते. संपत शेजारी बसून रस्ता दाखवतो, जो तिला पाठ असतो.) तीही अर्ज भरायलाच निघाली होती. म्हणजे संपतनंही शेवटच्या तासाचाच मुहूर्त काढला होता. माझ्याच अकलेचा, म्हटलं ना.

संपतनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय बबनशेठ, निकालाआधीच भंडारा उधळला?"

मी काही बोलणार, तोवर पिकअप पुरती थांबली आणि मंगल खाली उतरली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ सुनंदासमोर जाऊन उभी राहिली.

"चल. बस."

सुनंदा जागची हलली नाही. तिकडून संपत कळवळला, "अगं, आपल्याच इरोधातला अर्ज हाये त्यो! आपल्याच गाडीतनं न्यायचा?"

"मग काय करू? हिला इथं रस्त्यात सोडून एकटीच निवडून यिऊ? माह्यारी कुठल्या तोंडानं जाऊ मी?" मंगल म्हणाली. "आन पुढं तिघींपुरतीच जागा हाये. तुमी उतरा."

"मी?"

"मावशी काय मागं क्रेटात बसतील व्हय? उतरा. आन भावजींना गाडी ढकलायला मदत करा जरा. शेजारधर्म हाये."

संपत उतरला. का उतरला, ते मी पुरुष म्हणून समजू शकतो. तिघी बसल्या, पिकअप गेली. जाताना हिरामावशीनं खिडकीतून मागं वळून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

राहिलो आम्ही दोघं. भावी सरपंचांचे दोन भावी सरपंच.

थोडा वेळ संपत चिंचेकडे बघत होता, मी रस्त्याकडे. मग माणसाचा स्वभाव जागा झाला आणि तो बॉनेटमध्ये डोकावला.

"एल्बो तुमच्याच दुकानातला का?"

"हो."

"मग बराबर हाय. माझ्या बागंतला बी असाच निसाटला व्हता. तवा तुमी म्हनले, बसवनाऱ्याची चूक."

"चूक बसवणाऱ्याचीच असते," मी म्हणालो. तत्त्व सोडायचं नाही.

"बसवला कुणी?"

मी विषय बदलला. त्याला ॲसिडचं सांगितलं, हळदीचं सांगितलं. त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हळद कशाला घातली राव, बेंटोनाइट घालायचं. शेततळ्याची गळती त्यानंच थांबते. मला तो एकदम जवळचा वाटला. गाडी ढकलून आम्ही कडेला लावली आणि कांद्याच्या एका टेम्पोला हात केला. पुढं जागा नव्हती. मग गोण्यांवर चढून, एक पांढरा आणि एक पिवळा, असे दोन पॅनेलप्रमुख घोडेगावात दाखल झालो. वाटेत त्यानं मला विचारलं, की ग्रामपंचायतीतली खिडकीजवळची खुर्ची बघितलीय का. मी म्हणालो, कुठली खुर्ची?

तहसीलच्या दारात आमचे कार्यकर्ते एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या बाजूला, मध्ये हलगी. लांबून पांढरी गाडी येणार म्हणून सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले, आणि आला कांद्याचा टेम्पो. मी उतरताच पोलिसानं मला अडवलं. आचारसंहिता चालू असताना भंडारा उधळून मिरवणूक कुणी काढली, असं त्यानं दरडावून विचारलं. मी सांगितलं, मिरवणूक नाही, रेडिएटर आहे. त्यानं संपतकडे पाहिलं.

"खरं हाये सायेब," संपत म्हणाला. "ह्यांची गाडीच यांच्यावर उलटी झाली."

इतक्या वर्षांत त्यानं माझी बाजू घेतलेली ही पहिली वेळ.

मी आत धावणार, तोच तीनही बायका बाहेर आल्या. अर्ज दाखल झाले होते. दोघींचेही. मुदत संपायच्या जरा आधी, एकामागं एक. सुनंदाचा चेहरा मी लग्नात पाहिला होता तसा दिसत होता. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, दोन्ही पॅनेलच्या समर्थकांदेखत त्या तिघी समोरच्या रसवंतीत शिरल्या, एका बाकड्यावर बसल्या आणि उसाचा रस प्यायला लागल्या. हलगीवाल्याला वाजवावं की थांबावं कळेना. तो दोन्ही बाजूंच्या मधला काहीतरी ठेका धरून बसला.

पिकअपमध्ये त्या दोघींचं काय बोलणं झालं, हे सुनंदानं मला आजतागायत सांगितलेलं नाही. हिरामावशीला मी खोदून खोदून विचारलं. ती एवढंच म्हणाली, "सुरवात तुज्या गाडीवरनं झाली रं. मंग दोगींच्या घरात काय काय गळतंय, ते निघत गेलं."

पुढं अर्ज मागं घ्यायच्या दिवशी मंगलनं सरपंचपदाचा अर्ज मागं घेतला. सदस्यपदाचा तेवढा ठेवला. सुनंदा बिनविरोध सरपंच झाली आणि मंगल पुढं सदस्य म्हणून निवडून येऊन उपसरपंच. अर्ज मागं घेतल्याचं संपतला आणि मला त्याच दिवशी, एकाच वेळी, गिरणीवाल्याकडून कळलं. आम्ही दोघांनी मिळून असा चेहरा केला, की हे आम्हीच जुळवून आणलंय. गावानं मान डोलावली आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

पहिल्या ग्रामसभेला मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. (पांढरा झब्बा पिवळाच राहिला. घरची हळद अस्सल आहे, एवढं सिद्ध झालं.) खिडकीजवळची खुर्ची होती, पण तिच्यावर सुनंदा होती. तिच्या शेजारी मंगल. संपत आणि मी मागं सतरंजीवर. पहिला विषय वरच्या वस्तीच्या पाण्याचा. ग्रामसेवकानं सांगितलं, लाइन जुनी आहे, क्षार साचलेत, चार ठिकाणी गळती आहे. हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला, समाजसेवा म्हणून हे काम मी स्वतः, माझ्या दुकानातलं साहित्य वापरून, एका पैशाशिवाय करून द्यायला तयार आहे, असं जाहीर केलं. संपतही जोशात उठला आणि म्हणाला, बेंटोनाइट माझ्याकडून.

सुनंदानं मंगलकडे पाहिलं. मंगलनं सुनंदाकडे पाहिलं. मग सरपंचांनी, म्हणजे माझ्या बायकोनं, खणखणीत आवाजात ठराव मांडला, की गावाच्या पाण्याच्या लाइनला, व्हॉल्व्हला किंवा टाकीला पदाधिकाऱ्यांच्या घरच्या कुठल्याही पुरुषानं हात लावायचा नाही. उपसरपंचांनी अनुमोदन दिलं.

ठराव मतास टाकला, तेव्हा सभेतले सगळे हात वर गेले. वरची वस्ती, खालची वस्ती, माझं पॅनेल, त्याचं पॅनेल, हिरामावशीचे तर दोन्ही. सुनंदाची नजर माझ्यावर आली, तसा मीही हात वर केला. गावात एकी नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो क्षण बघायला हवा होता. ती घडवून आणायला माझ्यासारखा कर्तबगार माणूस लागतो.